दोन बोटांचं अंतर

डिशवॉशरच्या पाठीमागून दोन नळ्या निघतात. एकीतून चांगलं पाणी आत येतं, दुसरीतून खरकटं पाणी बाहेर जातं. प्लंबर येतो, पहिली नळी सिंकखालच्या नळाला जोडतो, दुसरी सांडपाण्याच्या पाइपात सोडतो, मशीन सुरू करून कुठे गळत नाही ना ते बघतो आणि चहा घेऊन जातो. घरातल्यांच्या लेखी काम संपतं.

खरं म्हणजे विचार करण्याजोगी गोष्ट इथेच सुरू होते. ज्या पाइपातून आपल्या माठात पाणी येतं, त्याच पाइपाला आता एक यंत्र कायमचं जोडलं गेलं आहे आणि त्या यंत्राच्या पोटात रोज आमटीचं, तेलाचं, साबणाचं पाणी घुसळलं जाणार आहे. हा पाइप काही आपल्या घरापुरता नाही. तो गच्चीवरच्या टाकीतून येतो, वाटेत वरच्या-खालच्या शेजाऱ्यांच्या ओट्यांनाही पाणी देतो. टाकीपासून डिशवॉशरपर्यंत पाण्याची एकच सलग वाट आहे. मग आपल्या ताटातलं खरकटं पाणी त्या वाटेने उलट जाऊन शेजारच्या आजींच्या तांब्यात का उतरत नाही? या दोन पाण्यांच्या मध्ये नेमकं कोण उभं आहे?

हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे पाण्याच्या मागोमाग चालत जाणं. ते गच्चीवरून निघतं. आपणही तिथूनच निघू.

उंचीचा हिशेब

पुण्या-मुंबईच्या बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून आपल्याच वजनाने घराघरांत उतरतं. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी जवळजवळ एक बार दाब देतं, म्हणजे आपल्या डोक्यावरचं अख्खं वातावरण देतं तेवढा. पाइप जाड की बारीक, टाकी मोठी की लहान, याने नळ बंद असतानाच्या या दाबात काडीचा फरक पडत नाही. हजार लिटरची टाकी आणि दहा हजार लिटरची टाकी, दोन्हींतल्या पाण्याची पातळी एकच असेल तर खालच्या बंद नळावर दोघींचा जोर सारखाच. पाणी फक्त उंची मोजतं.

एक मजला तीन मीटरचा धरला तर दर मजल्यामागे ०.३ बार. म्हणजे दहा मजली इमारतीत तळाला तीन बारच्या आसपास दाब मिळतो, तर गच्चीच्या लगेच खाली राहणाऱ्यांना जेमतेम ०.३ ते ०.४ बार. आता डिशवॉशरची माहितीपुस्तिका उघडा. बहुतेक मशीनांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो आणि दहा बारपर्यंतचा दाब चालतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर नेमकं काठावर सापडतं. तिथे राहत असाल तर मशीन पसंत करण्याआधी दाब मोजून घ्या; कमी भरला तर गच्चीवर छोटा प्रेशर पंप लागेल. दाब कमी असला तर मशीन का अडतं, याचं कारण पुढे येतं आणि ते फार सुंदर आहे.

पाऊण इंच कुठे आहे?

सिंकखाली भिंतीतून अँगल कॉक बाहेर आलेला असतो. मशीनबरोबर येणाऱ्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा मोठा नट असतो, आणि तो ज्या तोंडावर बसतो त्याला प्लंबर ‘पाऊण इंची’ म्हणतात. पट्टी लावून बघा. आट्यांचा बाहेरचा व्यास २६.४ मिलिमीटर भरतो, म्हणजे एक इंचापेक्षाही जास्त. पाऊण इंच तिथे कुठेच सापडत नाही. ते माप मुळात पाइपाच्या आतल्या पोकळीचं, तेही जुन्या लोखंडी पाइपाच्या. काळाच्या ओघात पाइपाच्या भिंती बदलल्या, लोखंडाच्या जागी पितळ आणि प्लॅस्टिक आलं, पण आटे जुळायला हवेत म्हणून बाहेरचं माप तेच राहिलं आणि नावही तेच राहिलं.

या जुळणीमागे १८४१ मधली एक सूचना आहे. इंग्लंडचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी त्या वर्षी असं मांडलं, की प्रत्येक कारखान्याने आपापल्या मनाचे आटे पाडण्यापेक्षा साऱ्या देशाने एकच पद्धत पाळावी. आट्यांचा कोन त्यांनी ५५ अंश ठरवला. पाण्याच्या पाइपांनीही पुढे तोच कोन घेतला. पाऊण इंची पाइपावर इंचाला १४ आटे. जर्मनीत किंवा तुर्कस्तानात तयार झालेल्या डिशवॉशरची नळी पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या नळावर पहिल्याच फेऱ्यात बसते, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या शिस्तीमुळे. आपल्याकडचे बहुतेक अँगल कॉक मात्र अर्धा इंची असतात, म्हणून मध्ये एक कनेक्टर लागतो किंवा वॉशिंग मशीनला लावतात तो पाऊण इंची तोंडाचा नळ बसवावा लागतो. एकाच जागेवरून सिंकचा नळ, पाण्याचा फिल्टर आणि डिशवॉशर चालवायचा असेल तर टू-वे अँगल कॉक असतोच.

आटे जुळले म्हणून पाणी अडत नाही. नळीच्या नटमध्ये बोटाने चाचपून पाहिलं तर तळाशी रबराचा चपटा वॉशर लागतो. पाणी अडवतो तो हा. आट्यांचं काम त्याला नळाच्या तोंडावर दाबून धरण्याचं. म्हणून या जागी टेफ्लॉन टेप लागत नाही आणि पान्ह्याने जीव खाऊन आवळायचीही गरज नसते. तसं केलं तर रबर कातरतं आणि गळती आपणच ओढवून घेतो. हाताने घट्ट करायचं, वर पाव फेरा द्यायचा, पुरे. टेप लागते ती अँगल कॉक भिंतीतल्या एल्बोत बसतो तिथे. तिथे वॉशर नसतो, आट्यांत आटे रुततात आणि मधल्या केसभर फटी टेप भरून काढते. नळ ज्या दिशेने फिरवून बसवायचा, टेपही त्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून बाहेर येते.

पाणीच पाणी उघडतं

नळीतून आलेलं पाणी पहिल्यांदा थांबतं ते विजेच्या व्हॉल्व्हपाशी. मशीनला पाणी हवं असेल तेव्हाच हा उघडतो. आत एखादं शक्तिशाली चुंबक असेल आणि ते दार खेचून उघडत असेल, अशी माझी कल्पना होती. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या प्लंबरकाकांनी एकदा बदललेला जुना व्हॉल्व्ह ओट्यावर ठेवून स्क्रू काढले आणि आतली चकती माझ्या तळहातावर ठेवली. काळ्या मऊ रबराची, नाण्याहून थोडी मोठी. मधोमध एक भोक, आणि कडेला दुसरं, सुईने पाडलेलं वाटावं इतकं बारीक.

‘‘हे भोक बघा ताई,’’ कडेच्या भोकावर नख ठेवून ते म्हणाले, ‘‘सगळी करामत याची. कॉइल पाणी उघडत नाही. पाणीच पाणी उघडतं.’’

‘‘म्हणजे काका, वीज काय करते मग?’’

‘‘वीज फक्त इशारा देते.’’

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. चकतीच्या वर एक छोटीशी बंद खोली असते. कडेच्या बारीक भोकातून पाणी तिथे शिरतं आणि खोलीतही नळाइतकाच दाब तयार होतो. आता चकतीला खालूनही दाब आहे आणि वरूनही तेवढाच. पण वरचा दाब अख्ख्या चकतीवर पडतो, तर खालचा फक्त कडेच्या पट्ट्यावर, कारण मधला भाग बाहेर जाणाऱ्या वाटेचं तोंड झाकून बसलेला असतो. त्यामुळे वरच्या बाजूची सरशी होते आणि दार घट्ट मिटतं. नळाला जोर जितका जास्त, दार तितकं घट्ट. मशीनला पाणी हवं झालं, की कॉइलमध्ये वीज जाते आणि काडीएवढा लोखंडी दांडा किंचित वर उचलला जातो. त्याने दाबून धरलेलं मधलं भोक मोकळं होतं. वरच्या खोलीत कडेने जितकं पाणी येतं त्यापेक्षा जास्त मधल्या भोकातून निघून जातं, खोलीतला दाब कोसळतो आणि खालचं पाणी चकती उचलून स्वतःच वाट काढतं. वीज थांबली की दांडा खाली येतो, खोली पुन्हा भरते, आणि ज्याने दार उघडलं तेच पाणी ते लावूनही घेतं. काही वॉट विजेच्या बळावर दहा बारचं पाणी सोडता आणि अडवता येतं ते असं.

किमान दाबाची अट इथून येते. वरच्या मजल्यावर पाण्याला जोरच नसेल तर चकती उचलायलाही कुणी नाही आणि घट्ट बसवायलाही कुणी नाही. नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीचं महत्त्वही इथेच कळतं. टँकरच्या पाण्यातला वाळूचा एखादा कण कडेच्या भोकात अडकला, तर वरच्या खोलीत दाबच तयार होत नाही आणि मशीन बंद केलं तरी पाणी येतच राहतं. जाळी अधूनमधून काढून धुणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि मशीन चालू नसताना नळ बंद ठेवणं हे त्याहूनही सोपं.

दार मिटताना पाइपात कधी कधी ‘ठक्’ असा आवाज होतो. त्यामागचं गणित मॉस्कोत सुटलं. पुढे रशियन विमानविद्येचे जनक म्हणून ओळखले गेलेले निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग केले. पाणी दाबून आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे वाहतं पाणी एकदम अडवलं, की ‘थांबा’ हा निरोप पाण्यातून ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने मागे पळत जातो. सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी क्षणात थांबवलं, तर ताठ पाइपात जवळपास १५ बारचा जादा दाब उसळतो. प्लॅस्टिकचे पाइप थोडे ताणले जातात म्हणून त्यांत हा धक्का सौम्य होतो, पण होतोच. डिशवॉशरची नळी दर धुण्यात असे धक्के अनेकदा सोसते. म्हणून तिच्या जागी बागेची नळी चालत नाही.

काही मशीनांत नळीच नळीच्या आत असते. आतली फुटली तर पाणी बाहेरच्या नळीत उतरून मशीनच्या तळातल्या ताटलीत जमतं. तिथे थर्मोकोलचा एक तुकडा ठेवलेला असतो. पाणी येताच तो तरंगून वर येतो, एक बटण दाबतो आणि नळाच्या तोंडाशी बसवलेला व्हॉल्व्ह पाणी तिथेच तोडतो. अशा नळीत विजेच्या तारा असतात. लांबी जास्त झाली म्हणून ती कधीही कापायची नाही.

जिथे वाट तुटते

आता आपण मशीनच्या आत आलो, आणि ज्याच्या शोधात निघालो ते इथेच आहे. बऱ्याच डिशवॉशरची बाजूची पत्र्याची भिंत काढली तर आत प्लॅस्टिकची एक चपटी पेटी दिसते, मशीनच्या बाजूला उभी लावलेली. तिच्यात वळणावळणाच्या वाटा असतात. व्हॉल्व्हमधून सुटलेलं पाणी एका वाटेने वर चढतं, उंचावर पोहोचतं, आणि तिथे ती वाट तुटलेली असते. समोर एक फट असते, हवेला उघडी. पाण्याची धार त्या फटीवरून झेप घेते आणि पलीकडच्या तोंडात पडते. तिथून पुढे मशीनचं पाणी सुरू होतं.

गच्चीवरच्या टाकीपासून सलग आलेली वाट या फटीपाशी संपते. अलीकडे शहराचं पाणी, पलीकडे आपलं खरकटं, आणि मध्ये काहीही नाही. तांब्या ओठांना न लावता वरून धार धरणारा माणूस उरलेलं पाणी उष्टं होऊ देत नाही. डिशवॉशरही पाणी पितो ते असंच वरून. मागून दाब असतो म्हणून धार पुढे झेपावते. मागे झेपावायला तिला काही आधारच नाही. समजा पाइपातला दाब उलटला आणि पाइप पाणी ओढू लागला, तरी त्याच्या तोंडाशी येते ती नुसती हवा.

पाइप पाणी ओढू लागतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ते वरचेवर घडतं. टाकी धुण्यासाठी वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर पाइपातलं पाणी खाली सरकतं आणि वरच्या मजल्यांच्या नळांशी ओढ तयार होते. रस्त्यातली मुख्य जलवाहिनी फुटली की उतारावरच्या साऱ्या पाइपांत हेच होतं. कुणी नळाला थेट मोटर लावली तर शेजारच्यांच्या पाइपातलं पाणीही ओढलं जातं. अशा वेळी एखाद्या नळीचं टोक घाण पाण्यात बुडालेलं असेल तर ते पाणी मुकाट्याने उलट्या वाटेने निघतं.

इथे फक्त पुढे उघडणारी झडप बसवली तर? ती बसवतातही. पण झडपेला स्प्रिंग असते, रबर असतं; स्प्रिंग गंजते, रबर कडक होतं, एक केस अडकला तरी ती अर्धवट उघडी राहते. रिकाम्या जागेला यातलं काहीच होत नाही. तिच्यात बिघडण्याजोगं काहीच नाही. अभियंत्यांनी पाणी शुद्ध राखायला हजार साधनं शोधली, पण दोन पाण्यांच्या मध्ये मोकळी हवा ठेवणं याहून भरवशाचा उपाय आजही नाही.

एका शहराचे दोन मेळे

ही समज माणसाला फुकट मिळालेली नाही, आणि तिची गोष्ट डिशवॉशरच्या गोष्टीला एकाच शहरात येऊन मिळते.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याआधी अशी यंत्रं झाली होती, पण कॉक्रेन यांनी भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले, ते चाकावर बसवले आणि साबणाचं पाणी दाबाने त्यांच्यावर मारलं. भांडी घासायचं काम त्यांनी पाण्याच्या जोरावर सोपवलं. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्यात हे यंत्र मांडलं गेलं आणि तिथल्या उपाहारगृहांत ते चाललंही. याच मेळ्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत त्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद बोलले. कॉक्रेन यांचं गिऱ्हाईक मात्र घरं नव्हती, हॉटेलं होती. शिकागोच्या पामर हाउस आणि शर्मन हाउस या हॉटेलांनी त्यांची यंत्रं घेतली. घरोघरी अडचण पाण्याचीच होती: इतकं गरम पाणी पुरवेल अशी सोय तेव्हाच्या स्वयंपाकघरात नव्हती.

चाळीस वर्षांनी, १९३३ मध्ये, शिकागोत पुन्हा जागतिक मेळा भरला. लाखो पाहुणे आले, हॉटेलं भरली, आणि घरी परतलेले पाहुणे अमीबाच्या हगवणीने आजारी पडू लागले. तपास करता करता बोट शेजारशेजारच्या दोन नामांकित हॉटेलांकडे गेलं. तिथल्या जुन्या नळजोडण्यांत पिण्याचं पाणी आणि सांडपाणी यांची वाट कुठे कुठे एक झाली होती; पाइपात ओढ तयार झाली की घाण पाणी उलट शिरत होतं, आणि सांडपाण्याचे गळके पाइपही त्यात भर घालत होते. १,४०९ लोकांना लागण झाली, ९८ दगावले. हॉटेलांत हेतुपुरस्सर कुणी काही केलं नव्हतं. दोन पाण्यांच्या मध्ये जिथे मोकळी जागा हवी होती, तिथे ती नव्हती, इतकंच.

त्यानंतर नळजोडणीचे नियम कडक होत गेले आणि एक साधं माप जगभर रुळलं: नळाचं तोंड आणि खालच्या भांड्याचा काठ यांत नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर हवं. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाला दोन बोटांचं अंतर ठेवलं की हा नियम पाळला जातो. आत्ता उठून सिंककडे बघा. नळाचं तोंड सिंकच्या काठाच्या वरच असेल. सिंक तुंबून काठोकाठ भरलं तरी ते पाणी नळाला शिवू शकत नाही. डिशवॉशरच्या पेटीतली ती फट याच नियमाची धाकटी बहीण आहे.

काळ्या मातीची विद्या

फट ओलांडलेलं पाणी थेट भांड्यांवर जात नाही. त्याआधी ते राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या डब्यातून जातं. धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी सुरू झालं की काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग उमटतात. आपल्या बेसॉल्ट खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा पिण्याच्या पाण्यात ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. माणसाला चालतं तितकं जड पाणी पेल्यांना मात्र चालत नाही.

मण्यांच्या अंगावर सोडियमचे कण चिकटलेले असतात. पाणी जवळून गेलं की मणी कॅल्शियमचा एक कण धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियमचे दोन सोडतो. देवाणघेवाण चोख: कॅल्शियमचा भार दोन, सोडियमचा एक. सगळे मणी भरले की मशीन डब्यात मिठाचं दाट पाणी सोडतं. आता चोहीकडे सोडियमची इतकी गर्दी होते की मण्यांना कॅल्शियम सोडावंच लागतं. ते सांडपाण्यात जातं आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. डिशवॉशरच्या तळात मीठ भरायचं ते यासाठी. जेवणातलं बारीक मीठ इथे नको. ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ डब्यात साका धरतात. डिशवॉशरचं जाड मीठच घ्यायचं.

ही विद्या माणसाने मातीकडून घेतली. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये एच. एस. थॉम्पसन आणि जॉन थॉमस वे यांनी दाखवलं, की खताचं पाणी मातीतून गाळलं तर माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. अशी देवाणघेवाण करण्यात ज्या माती वाकबगार, त्यांत आपली दख्खनची काळी माती अगदी वरच्या पंक्तीतली. कापसाच्या मुळांना ती अन्न धरून ठेवते आणि मागतील तसं देते, ते याच व्यवहारातून. मराठवाड्याचं रान जे पिढ्यानपिढ्या करत आलं, तेच ओट्याखालचा मूठभर राळेचा डबा करतो आहे.

जाणारी वाट

मऊ झालेलं तीन-चार लिटर पाणी तळाशी जमतं. मशीन ते तापवतं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतं. थंड पाण्यापासून सुरुवात करणंच बरं, कारण पावडरमधली एन्झाइमं पाणी हळूहळू तापत असताना आपलं काम उरकतात. सगळं धुणं मिळून एका वेळी साधारण दहा-बारा लिटर पाणी लागतं. कॉक्रेन यांच्या काळात घरांना जे परवडत नव्हतं ते आज परवडतं, कारण यंत्राची पाण्याची भूकच आटली आणि ते स्वतः पाणी तापवायला शिकलं.

मग पंप ते खरकटं पाणी बाहेर लोटतो. जाणाऱ्या नळीचा एकच नियम ध्यानात ठेवा: आधी वर, मग खाली. ती जमिनीपासून ४० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीपर्यंत चढवून मग सिंकखालच्या ट्रॅपच्या तोंडाला किंवा सांडपाण्याच्या उभ्या पाइपात सोडायची. मशीनपासून सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडली तर दोन गोष्टी बिघडतात. ट्रॅप तुंबला तर बाहेरचं घाण पाणी मशीनमध्ये शिरतं. आणि नळी एकदा भरून वाहू लागली की सायफन सुरू होतो: पंप थांबला तरी पाणी आपोआप ओढलं जातं, मशीन एका बाजूने भरत राहतं, दुसऱ्या बाजूने रिकामं होत राहतं आणि भांडी तेलकट ती तेलकटच राहतात. उभ्या पाइपात सोडलेली नळी सैलच हवी. वास येतो म्हणून तिच्याभोवतीची फट चिंधीने किंवा सिलिकॉनने गच्च बंद करू नका. त्या फटीतून आत जाणारी हवाच सायफन मोडते. वास थांबवायचं काम ट्रॅपमधल्या पाण्याचं आहे.

म्हणजे येताना एक मोकळी जागा, जातानाही एक मोकळी जागा. दोन्ही नळ्यांच्या जोडणीत आपण धातू, रबर, टेप हे सगळं निगुतीने बसवतो, आणि घराचं आरोग्य राखायला शेवटी उभी राहते ती न बसवलेली वस्तू.

पिंपातली नळी

हे सगळं डिशवॉशर असलेल्या घरांपुरतंच असतं तर त्याचं मोल थोडं होतं. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आणि शहरांत नळाला पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, कुठे दिवसाआड, कुठे आठवड्याने. पाणी आलं की नळाला नळी जोडतात, तिचं टोक पिंपाच्या तळाशी सोडतात आणि बाकीच्या कामाला लागतात. पिंप भरतं, पाणी जातं, आणि नळी तशीच बुडलेली राहते. पुरवठा थांबल्यावर पाइप रिकामा होत असतो, पाणी उताराकडे ओढलं जात असतं, गल्लीत कुणाची मोटरही चालू असते. नेमक्या त्या वेळी पिंपातलं शिळं पाणी, आणि ते पिंप वापराचं असेल तर त्यात बुडालेल्या हातांची, तांब्यांची घाणसुद्धा, उलट पाइपात जाऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी आधी नळ सुटेल त्याच्या हंड्यात उतरू शकते. १९३३ मध्ये शिकागोच्या हॉटेलांत जे घडलं त्याचं मूळ यापेक्षा वेगळं नव्हतं.

यावरचा उपाय डिशवॉशर बनवणारे अभियंते त्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसवून मोकळे झाले आहेत. आपल्याला तर पेटीचीही गरज नाही. नळीचं टोक पिंपाच्या काठावर सुतळीने बांधायचं, काठापासून दोन बोटं वर, म्हणजे धार वरून पडेल आणि नळी पाण्याला शिवणार नाही. पाणी पडण्याचा आवाज येईल, थोडे शिंतोडे उडतील, तेवढं सोसू. आज संध्याकाळी पाणी येईल तेव्हा आपल्या पिंपाची नळी अशी बांधा, आणि शेजारच्यांनाही सांगा. कारण या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला तेच आहेत.